वाचला, पण वाजवणार का?

कुमार गंधर्वांच्या आजारपणाची गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. ताई सांगते तेव्हा ती देवासच्या खाटेवर पडल्यापडल्या ऐकलेल्या माळवी गाण्यांची गोष्ट असते. मामा सांगतात तेव्हा ती स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाची असते. ताई मिरजेत गाणं शिकवते. मामांची सगळी नोकरी सरकारी आरोग्य खात्यात झाली, त्यातली बरीचशी क्षयरोगाच्या कामात. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण वाद घालताना ते अजून तालुका बैठकीतच बसलेले असतात.

मिरजेत हा वाद व्हावा यात नवल नाही. इथे एका बाजूला सतारमेकरांची गल्ली आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे. दुसऱ्या बाजूला डॉ. वॉनलेसांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या दवाखान्याच्या मागोमाग वाढत गेलेली इस्पितळं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि प्लेगमधून उठले, असं इथे अजून सांगतात. मामांसमोर मात्र ही गोष्ट काढू नये. ते लगेच विचारतात, त्या साथीत दर्ग्यात न गाता किती उठले आणि गाऊनही किती गेले.

या खेपेला वादाला निमित्त झाले ताईच्या क्लासला साथ करणारे तबलजी. वय पन्नाशीच्या अलीकडे. रात्री जतकडचा भजनाचा कार्यक्रम करून आले, पहाटे उठले तर डावा हात उचलेना. घरच्यांनी ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळलं, शेजाऱ्यांनी कुठल्यातरी गावचा औषधवाला सुचवला, आणि इस्पितळ गाठेपर्यंत दुपार झाली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली होती. तरी माणूस वाचला. वाचा शाबूत राहिली, पाय ओढत का होईना चालू लागला. हात तेवढा राहिला.

मामा : इस्पितळात त्याच्या घरचा एक रुपया गेला नाही, हे आधी मान्य कर. माझ्या उमेदीच्या काळात असा पेशंट आला असता तर नातेवाइकांनी आधी म्हैस विकली असती, मग शेत. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाखाचं कवच होतं. आता महात्मा फुल्यांचं नाव आहे, कवच पाच लाखांचं आहे, आणि रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हेही कुणी बघत नाही. तोंड भरून कबूल कर, मग पुढचं बोल.

ताई : कबूल. तोंड भरून कबूल. आता पुढचं. त्यांच्या हाताला फिजिओथेरपी कोण देणार?

मामा : दाखल होते तोवर दिली की.

ताई : दहा दिवसांत सोडलं त्यांना. हाताची खरी मेहनत त्यानंतरची. पहिले तीन ते सहा महिने हातचे घालवू नका, असं तुम्हीच त्यांच्या बायकोला सांगितलंत.

मामा : केंद्राच्या योजनेत घरी सोडल्यावरही पंधरा दिवसांचा खर्च धरतात.

ताई : पंधरा दिवसांत आमच्याकडे मुलाला सा लावता येत नाही, मामा. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका खेपेचे चारशे घेतो. हे कार्यक्रमाला जायचे तेव्हा बिदागी बाराशे-पंधराशे मिळायची, आणि आता कार्यक्रमच बंद. तुमची योजना खाटेला ओळखते, माणसाला नाही.

मामा : हे वाक्य भाषणाला चांगलंय. धोरण असं होत नाही.

इथे तबल्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ताई एवढी का चिडली ते कळायचं नाही. उजव्या हाताचा दायाँ आणि डाव्या हाताचा बायाँ, म्हणजे डग्गा. ‘धा’ हा बोल दोन्ही हात मिळून निघतो : उजवा ‘ना’ देतो, डावा ‘घे’. तसंच ‘धिं’चं, त्यातला डावा काढून घेतला की उरतो ‘तिं’. तीनतालात खालीच्या जागी डग्गा मुद्दामच गप्प ठेवतात, म्हणून तिथे ‘ना तिं तिं ता’ ऐकू येतं. डावा हात गेलेला माणूस तीनताल वाजवायला बसला की सोळाच्या सोळा मात्रा खालीच्या वाजतात. मी ते ऐकलंय. ठेका अचूक होता, लय जराही हलली नव्हती, उजव्या हाताची शाईवरची बोटं पूर्वीसारखीच स्वच्छ पडत होती, आणि सम कुठे आहे ते कळायला मला त्यांच्या मानेकडे बघावं लागत होतं.

डाव्याचं काम नुसतं थाप मारण्याचं नसतं. तळहाताचा मनगटाकडचा भाग डग्ग्याच्या मैदानावर टेकवून, दाब कमी-जास्त करत ‘घे’ला पुढे ढकलायचं असतं, तिथून तो घुमारा येतो. इस्पितळातून मऊ चेंडू दिला होता, तो ते दाबायचे. पुढे त्यांनी चेंडू सोडला आणि उजव्या हाताने डावा हात उचलून डग्ग्यावर नेऊन ठेवायला सुरुवात केली. बोटं मिटलेली असायची. हात पडायचा तेव्हा ‘के’ यायचा, बंद आणि मेलेला. बायको शेजारी बसून एकेक बोट सोडवायची. असं सकाळ-संध्याकाळ चालायचं.

ताई : ती बाई शिकलेली नाही, पण जे करतेय ते बरोबर करतेय का, एवढं बघायला आठवड्यातून एकदा कुणीतरी यायला नको? खांदा चुकीचा ओढला गेला तर उरलासुरला हातही जाईल.

मामा : यायला हवं. पण मी एका रुपयाचा हिशेब मांडतो, तू ऐक. माझ्याकडे एकच रुपया आहे असं धर. तो या माणसाच्या सहा महिन्यांच्या हाताला द्यायचा, की पुढचा माणूस साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅनखाली पोचावा म्हणून द्यायचा? १०८ ची गाडी २०१४ पासून राज्यभर आहे. या घरात ती कुणी बोलावलीच नाही, कारण वारं गेलं की तेल चोळायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. तो रुपया गावोगाव हे सांगण्यात घातला तर असे दहा हात जायचेच नाहीत. मग फिजिओथेरपीही लागणार नाही.

ताई : आणि जो हात गेलाय तो?

मामा : त्याचं मला वाईट वाटतं. वाईट वाटण्यावर बजेट होत नसतं.

ताई : रुपया एकच का, हे विचारायचंच नाही का? २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारनंच लिहिलंय की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ.

मामा : लिहिलंय. मीही वाचलंय. मी चाळीस वर्षं लिहिलेलं वाचत आलोय. म्हणून तर मी हातातल्या रुपयाचं बोलतो.

मामांचा हा मुद्दा खोडता येत नाही, असं मला वाटतं. फक्त तो नेहमी अशाच लोकांच्या तोंडी असतो ज्यांना पेन्शन आहे. मी हे बोललो नाही. ताई बोलली, थोड्या बऱ्या शब्दांत. मग तिने कुमारांना मध्ये आणलं.

ताई : तेवीस वर्षांचा मुलगा. अकरा-बाराव्या वर्षापासून देशभर नाव झालेला. १९४७ मध्ये क्षय निघाला, डॉक्टर म्हणाले गायचं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आणलं. १९५३ मध्ये पुन्हा मैफल केली, ती एका फुफ्फुसावर. तुमच्या रुपयाच्या हिशेबात हा माणूस कुठे बसतो? वाचला म्हणून तुम्ही रजिस्टरवर खूण केली असती आणि पुढच्या पेशंटकडे गेला असता.

मामा : धोरणासाठी यापेक्षा वाईट उदाहरण तुला शोधून सापडायचं नाही. १९४६ चा भोर समितीचा अहवाल काढ. देशात क्षयाचे पंचवीस लाखांच्या आसपास रुग्ण, आणि त्यांच्यासाठी खाटा सुमारे सहा हजार. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं, वाक्समनच्या प्रयोगशाळेत. ब्रिटनलासुद्धा ते पुरत नव्हतं, म्हणून तर १९४८ ची ती गाजलेली चाचणी करता आली. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही ते बंद पाकिटातून ठरवलं. लेखक ऑर्वेलसाठी अमेरिकेहून खास मागवलं, त्याला ते सोसलं नाही, १९५० मध्ये तो गेला. अशा काळात देवासला एका गवयाला १९५२ च्या सुमारास ते मिळालं. कसं मिळालं? गाणं होतं म्हणून. चाहते होते, मित्र होते. त्याच वर्षी देवासच्या आसपास कितीजण खोकत मेले त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत? त्यांतला एखादा चांगला गात असेल.

ताई : म्हणजे त्यांना द्यायला नको होतं?

मामा : असं मी म्हटलेलं नाही. ते मिळालं याचा मला आनंद आहे, माझ्याकडे त्यांच्या निर्गुणी भजनांच्या कॅसेटी आहेत. मी म्हणतो, ती नशिबाची गोष्ट आहे, तिला धोरण म्हणू नकोस. धोरण मद्रासला झालं. १९५६ मध्ये तिथे केंद्र निघालं, गरीब वस्त्यांतले पेशंट घेतले, निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि निम्म्यांना घरी औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला : घरचेही तितकेच बरे झाले. खाणं सॅनेटोरियमपेक्षा निकृष्ट, घर दाटीचं, तरी बरे झाले. घरच्या बाकीच्यांनाही त्यापायी जास्त लागण झाली नाही. त्या एका निकालाने जगभरच्या सॅनेटोरियमना कुलपं लागली. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, तिथे पेनिसिलिन झालं, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही झालं. याला मी बरं होणं म्हणतो. गाणाऱ्याचं आणि न गाणाऱ्याचं, दोघांचं.

मामा क्षयावर बोलायला लागले की त्यांच्या आवाजाला वेगळीच धार येते. ते बोलत असताना ताई मात्र दुसरंच काही जुळवत होती.

ताई : मग मद्रासवाल्यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं की. खाट लागत नाही, घरीच होतं. फक्त औषध घरापर्यंत पोचायला हवं आणि कुणीतरी येऊन बघून जायला हवं. तुम्ही लोकांनी गोळ्या घरी पोचवल्या, थुंकीच्या डब्या गोळा केल्या, गोळी गिळताना समोर माणूस उभा केला. मग हाताचा व्यायाम का पोचवता येत नाही?

मामा : गोळी देणाऱ्याला डॉक्टर असावं लागत नाही. हात हलवणाऱ्याला शिक्षण लागतं. प्राथमिक केंद्राला फिजिओथेरपिस्ट कुठला आणणार? जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, तिथे रांग असते.

ताई : गावोगावच्या आशाताईंना शिकवा. खांदा कसा धरायचा, बोटं कशी सोडवायची. ती बायको आपल्या आपण शिकली.

मामा : आशाताईंवर आणखी एक काम. छान. त्यांना विचारलंस?

यावर ताईकडे उत्तर नव्हतं. मामांच्या बोलण्यात मात्र एक सनईवाला येऊन गेला. त्यांनी तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून आणला होता, पण मला तो ताईच्या बाजूचा वाटला. जत तालुक्यातला वाजंत्री, क्षयाचा पेशंट. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला, एकही गोळी चुकवली नाही, थुंकी स्वच्छ आली, रजिस्टरमध्ये ‘बरा’ असा शेरा पडला. पुढे एका लग्नात मामांना तो वरातीत दिसला. वाजवणाऱ्यांच्या मागे जनरेटरची गाडी ढकलत होता. फुंक टिकत नाही म्हणाला, दम लागतो. आणि मामांना वाकून नमस्कार करून पुढे गेला.

ताई : आणि तुम्ही शेरा बदलला नाहीत.

मामा : कशाला बदलू? शेरा खरा होता. जिवंत होता, कमावत होता, त्याच्यापासून त्याच्या पोरांना रोग झाला नाही. शेकडो माणसांच्या बाबतीत मला एवढंही लिहिता आलेलं नाही. तुम्ही कलावाले ‘पूर्वीसारखा’ म्हणजेच बरा असं धरून चालता. पूर्वीसारखं कोण होतं? तुझे कुमार झाले का? लांब तान गेली, तुकड्यातुकड्यांनी गायले, आणि तुम्ही त्यालाच शैली म्हणालात.

हे म्हणजे ताईच्या वर्मावर बोट होतं. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

ताई : फुफ्फुसाला श्रेय देऊ नका. फुफ्फुस एक गेलेली माणसं त्या काळी गावोगाव होती, त्यांतलं कुणी ‘अनूपरागविलास’ लिहिलं नाही. छोटे तुकडे, मधल्या मोकळ्या जागा, स्वरावर एकदम येऊन पडणं, हे त्यांनी विचार करून केलंय. श्वास आखूड होता हे खरं. पण आखूड श्वासात काय बसवायचं ते डोक्यानं ठरवलं. ऑस्कर पीटरसन नावाचा कॅनडाचा पियानोवाला होता, १९९३ मध्ये त्याला असाच झटका आला, डावा हात गेला. दोनेक वर्षांनी तो परत आला आणि मुख्यतः उजव्या हातावर पुढे कितीतरी वर्षं वाजवत राहिला. मी पूर्वीसारखं मागत नाहीये. मी वेळ मागतेय. कुमारांना ती वेळ कुणी दिली? त्यांच्या बायकोनं, भानुमतीबाईंनी. शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली. तुमच्या गोष्टीत त्या कधीच येत नाहीत.

मामा : आणि तुझ्या गोष्टीत त्यांचा शेवट येत नाही. १९६१ मध्ये भानुमतीबाई बाळंतपणात गेल्या. नवऱ्याला क्षयातून काढणारी बाई बाळंतपणात गेली. तू चमत्काराची गोष्ट सांगतेस तेव्हा त्यांना १९५३ च्या मैफलीपाशी सोडून देतेस. मला त्या दोन गोष्टींत जास्त छळते ती ही दुसरी, कारण बाळंतपणातलं मरण थांबवायला स्ट्रेप्टोमायसिनसारखं नवं काही शोधावं लागत नाही. रक्त, दाई, गाडी आणि वेळेवर शस्त्रक्रिया. माझा रुपया तिथे जातो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मामी येऊन चहाचं विचारून गेल्या. मग मामांनीच पुन्हा तोंड उघडलं, आणि हा प्रश्न त्यांनी बहुतेक आधीच कधीतरी स्वतःला विचारलेला असावा.

मामा : तुला एक सौदा देतो. समज, औषध त्यांना १९४८ लाच मिळालं. वर्षभरात बरे. दोन्ही फुफ्फुसं शाबूत. मुंबईला परत, पुन्हा मैफली. म्हणजे देवासची ती वर्षं नाहीत, खाट नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या माळवी गाण्यांकडे कान लावून पडणं नाही. लोकधुनांतून निघालेले धुनउगम राग नाहीत, कदाचित निर्गुणीही नाही. घेशील?

ताई : तुम्ही?

मामा : मी डोळे झाकून घेईन. तेवीस वर्षांच्या पोराला पाच वर्षं खाटेवर ठेवून त्यातून गाणं निघेल, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. आजाराला गुरू करणाऱ्यांचा मला राग येतो. आजार काही शिकवत नाही. शिकणारा आजारातही शिकतो, आणि तो बरा असता तर दुसरं काही शिकला असता.

ताई : मी नाही म्हणेन. (थांबून) म्हणजे, मला ते गाणं मिळालंय म्हणून मी नाही म्हणतेय. त्या खाटेवर मी नव्हते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय निवडलं असतं, ते मला सांगता येणार नाही. पण आमच्या तबलजींना मी विचारलंय. नुसतं वाचून काय करायचं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणतात, धा येऊ दे. एक धा. मग बघू.

मामा : किती आला?

ताई : मागच्या आठवड्यात ‘घे’ आला. घुमारा नाही अजून. पण बंद नव्हता, उघडा आला. सगळा क्लास थांबला होता.

मामांनी चष्मा काढला आणि कागद मागितला. ते कुठल्याही वादात हरू लागले की अर्ज लिहायला घेतात, आणि जिंकू लागले तरी लिहायलाच घेतात. यातलं नेमकं काय झालं होतं ते मला सांगता यायचं नाही. खात्यात अजून दोन-चार ओळखीचे आहेत, पानभर मसुदा करू, असं म्हणाले. पक्षाघाताच्या पेशंटला घरी सोडल्यानंतर पहिले सहा महिने, ठरावीक अंतराने, घरी किंवा उपकेंद्रात फिजिओथेरपी, पैसे योजनेतून. आशाताईंनी नुसती नोंद ठेवायची, हात लावायचा तो शिकलेल्या माणसाने. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा उल्लेख ताईला हवा होता, ते आता महिन्याला पाच हजार झालंय म्हणून. मामांनी तो ठेवला नाही. दोन वेगळी खाती एका अर्जात आणली की फाईल दोन्हीकडे पडून राहते, म्हणाले.

पहिल्या ओळीवर मात्र पुन्हा अडलं.

मामा : इथे तबलजी नको. शिंपी लिही, गवंडी लिही, वायरमन लिही. सतारीला तारा चढवणारा लिहिलास तरी चालेल. हाताने पोट भरणारी माणसं. तबलजी म्हटलं की वरचा साहेब म्हणणार, हे सांस्कृतिक खात्याकडे पाठवा.

ताई : शिंपी पाचव्या ओळीत घाला. पहिल्या ओळीत तबलजीच. अर्ज त्यांच्यामुळे लिहितोय.

मामा : म्हणूनच तो पाचव्या ओळीत हवा.

ताई : मामा, पेन इकडे द्या.